पीडीएफ काढली की मराठी तुटते, गुजरातीचे चौकोन होतात: फॉन्ट बदलण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रावेरकडच्या एका भावानी केळीच्या टिश्यू कल्चर रोपांचं चार पानी माहितीपत्रक इनडिझाईन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधे लावलंय. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी आणि मागच्या पानावर दोन ओळी उर्दू. पीडीएफ प्रेसला पाठवली तर हिंदीचा इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला, खताच्या तक्त्यात वेलांट्या भलतीकडे गेल्या, गुजरातीच्या जागी चौकोन आले आणि प्रेसवाला म्हणतो तुमचा फॉन्ट मिसिंग आहे. शेवटी विचारलंय की असा कोणता फॉन्ट वापरू म्हणजे ही कटकट कायमची जाईल.

भाऊ, असा फॉन्ट नाहीये. तुमच्या चार तक्रारी आहेत आणि चारींचं कारण वेगळं आहे, त्यातल्या एकाच ठिकाणी फॉन्टचा खरा दोष आहे. आपल्याकडे काहीही तुटलं की "फॉन्टचा प्रॉब्लेम" म्हणायची सवय पडलीय आणि मग माणूस इंटरनेटवरून अजून पन्नास फॉन्ट उतरवतो, त्यात एकाच नावाचे दोन दोन व्हर्जन बसतात आणि गोंधळ अजून वाढतो. मजकूर तीन जागी बिघडू शकतो. मुळात टाईप करतानाच चुकीच्या कोडमधे गेलेला असतो, किंवा सॉफ्टवेअरला जोडाक्षर जुळवता येत नाही, किंवा पीडीएफमधे फॉन्ट बसलेला नसतो. आणि चौथी जागा म्हणजे प्रेस, पीडीएफ चांगली असून तिथं उघडताना मोडते. कसं तुटलंय ते नीट पाहिलं की कुठं बिघडलंय ते लगेच कळतं.

सगळ्यात आधी पीडीएफ ॲक्रोबॅटमधे उघडा, फुकटचा रीडर पण चालतो, कंट्रोल डी दाबा आणि फॉन्ट्सच्या टॅबमधे जा. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे "एम्बेडेड सबसेट" किंवा नुसतं "एम्बेडेड" लिहिलेलं पायजे, म्हणजे फॉन्ट पीडीएफच्या आत बसलाय. ते नसेल आणि खाली "ॲक्च्युअल फॉन्ट" म्हणून दुसरंच नाव असेल तर तुमचा फॉन्ट पीडीएफमधे गेलेलाच नाही, रीडर दुसऱ्या फॉन्टवर वेळ मारून नेतोय. आता यात एक फसवणूक आहे. तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट इन्स्टॉल आहे म्हणून तुम्हाला सगळं छान दिसतं आणि प्रेसमधे चिवडा दिसतो. ॲक्रोबॅटच्या प्रेफरन्सेसमधे पेज डिस्प्लेमधे "यूज लोकल फॉन्ट्स" नावाची खूण आहे, ती काढून टाका, मग प्रेसवाल्याला काय दिसणार ते तुम्हाला घरबसल्या दिसेल. गिऱ्हाईक म्हणतं "भाऊ, मन्हा मोबाईलवर ते बराबर दिसी ऱ्हायनं", आणि खरं सांगू का, या बाबतीत मोबाईल बराच प्रामाणिक असतो, कारण त्यात तुमचा फॉन्ट नसतो, म्हणजे मोबाईलवर दिसलं तर एम्बेड झालेलं असायची शक्यता चांगली.

फॉन्ट एम्बेड का होत नाही? बहुतेक वेळा दोनच कारणं. एक म्हणजे काही फॉन्ट बनवणाऱ्यानी फाईलमधेच खूण केलेली असते की हा एम्बेड करायचा नाही, मग इनडिझाईन लायसन्सची सूचना देतं आणि आपण ती न वाचता ओके दाबतो. दुसरं म्हणजे खूप जुने पोस्टस्क्रिप्ट टाईप वन फॉन्ट, इनडिझाईन बनवणाऱ्या अडोबीनी २०२३ च्या जानेवारीपासून इनडिझाईन आणि इलस्ट्रेटरमधे त्यांना जागाच ठेवली नाही, फोटोशॉपमधून तर २०२१ मधेच गेले, त्यामुळे जुन्या फाईली नव्या व्हर्जनला उघडल्या की फॉन्ट समोर फोल्डरमधे पडलेला असून मिसिंग दाखवतो. अशा फॉन्टचा नाद सोडा, ओपनटाईप किंवा ट्रूटाईप घ्या.

आता तुमच्या हिंदीचं. मजकूर बऱ्हाणपूरच्या पार्टीकडून आला असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तो कृतिदेवमधे असणार, मध्य प्रदेशात बरंच टायपिंग अजून त्या फॉन्टवर चालतं. आपल्याकडे श्रीलिपीची तीच गत. हे फॉन्ट युनिकोड नाहीत, युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला जगभर एकच ठरलेला कोड. आत फाईलमधे इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त चेहरा देवनागरी असतो. कृतिदेवमधे "का" दिसतंय ना, ते आत इंग्रजीतले डी आणि के असतात. फॉन्ट गेला की चेहरा उतरतो आणि डी-के उघडे पडतात, तोच तुमचा चिवडा. म्हणून हिंदीत चिवडा दिसला की समजायचं मजकूर जुन्या कोडिंगमधला आहे आणि फॉन्ट एम्बेड झालेला नाही किंवा कोणीतरी त्याच्यावर दुसरा फॉन्ट लावलाय.

उपाय एकच, युनिकोडमधे कन्व्हर्ट करा. ऑनलाईन कन्व्हर्टर ढीगभर आहेत आणि बरे काम करतात, पण त्यानंतर प्रूफ वाचणं आलंच. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी आधी तपासायची, कारण कृतिदेवमधे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि कन्व्हर्टर तिला उचलून अक्षराच्या नंतर ठेवतो. "क्विंटल", "स्थिति" असल्या शब्दांत ती कधीकधी अर्ध्या रस्त्यात राहते. आणि तुमच्या कामात अजून एक खड्डा आहे, खतांचे ग्रेड. कृतिदेवमधे कोलनच्या जागेवर "रू" बसेल आहे. टायपिस्टनी १९:१९:१९ इंग्रजी फॉन्टमधे बरोबर टाकलेलं असतं, पण तुम्ही सगळा मजकूर साधा कॉपी करून कन्व्हर्टरमधे टाकला की कुठला तुकडा इंग्रजीत होता ते त्याला कळत नाही, आणि १९:१९:१९ चं "१९रू१९रू१९" होऊन बसतं. ००:५२:३४ चं पण तेच. शेतकऱ्याला वाटेल खताचा भाव आहे. म्हणून आकडे, ग्रेड, जातीचं इंग्रजी नाव, मोबाईल नंबर, वेबसाईट हे बाजूला काढून ठेवायचं आणि कन्व्हर्ट झाल्यावर हातानी परत टाकायचं.

तक्त्याच्या वेलांट्या. तक्ता तुम्ही इलस्ट्रेटरमधे, म्हणजे अडोबीच्याच चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधे, केला आणि इनडिझाईनमधे प्लेस केला असं म्हणता, तिथंच उत्तर आहे. मजकूर युनिकोड आहे, फॉन्ट पण चांगला आहे, पण इलस्ट्रेटरला देवनागरी जुळवायला सांगितलेलंच नाही. युनिकोडमधे "कि" म्हणजे आधी क आणि मग वेलांटी असा क्रम असतो, दाखवताना वेलांटी उचलून क च्या आधी ठेवायचं काम सॉफ्टवेअरचं, तसंच क् + ष चा क्ष करणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेणं. हे काम करणारा भाग अडोबीमधे कंपोझर म्हणून ओळखतात आणि डिफॉल्ट जो असतो तो इंग्रजीचा. त्यामुळे वेलांटी उजवीकडे लोंबते आणि हलंत उघडे दिसतात. काही ठिकाणी ठिपक्यांचा गोल येतो, त्याचा अर्थ मात्रेला बसायला अक्षर सापडलं नाही.

इलस्ट्रेटरमधे प्रेफरन्सेस, टाईप, तिथं "शो इंडिक ऑप्शन्स" ला खूण करा. मग पॅराग्राफ पॅनलच्या कोपऱ्यातल्या मेनूत "मिडल ईस्टर्न अँड साऊथ एशियन" नावाचा कंपोझर दिसायला लागेल, तो लावा. पण नुसती प्रेफरन्स बदलून आधीचा मजकूर सुधरत नाही, तो सिलेक्ट करून त्याला कंपोझर लावावा लागतो, इथं निम्मे लोक हार मानतात. इनडिझाईनमधे त्याचं नाव "वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर", भारतीय लिप्यांसाठी तो २०१२ च्या सीएस सिक्सपासून चालतो. तिथं प्रत्येक परिच्छेद पकडून बसू नका, पॅराग्राफ स्टाईलच्या जस्टिफिकेशनमधे कंपोझरचा रकाना आहे, तिथंच लावून टाका. आणि कोणतीही फाईल उघडी नसताना बेसिक पॅराग्राफला हे केलं की पुढच्या सगळ्या नव्या फाईलींना ते आपोआप लागतं. मॅकवाल्यांसाठी एक, देवनागरी एमटी हा मॅकसोबत येणारा फॉन्ट ॲपलच्या स्वतःच्या पद्धतीनी जोडाक्षरं जुळवतो, अडोबीला ती पद्धत समजत नाही, तिथं कंपोझर बदलून पण तुटतंच. म्हणून मॅकचा फॉन्ट वापरू नका, बाहेरचा ओपनटाईप टाका.

गुजरातीचे चौकोन हाच तेवढा खरा फॉन्टचा दोष. व्हॉट्सॲपवर गुजराती बरोबर दिसत होतं आणि इनडिझाईनमधे पेस्ट केल्यावर चौकोन झाले, कारण मोबाईल, वर्ड, ब्राऊझर हे सगळे गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून अक्षर उसनं आणतात. इनडिझाईनमधे तुम्ही मुक्ता लावलाय म्हणजे मुक्ताच, त्यात गुजराती अक्षरं नाहीत, म्हणून चौकोन. मुक्ताच्याच घरातला गुजराती फॉन्ट "मुक्ता वाणी" म्हणून वेगळा मिळतो, दोन्ही "एक टाईप" नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचेच आहेत, रेघेची जाडी जुळते, शेजारी शेजारी बसवायला मस्त. बालू नावाचा फॉन्ट घेतला तर त्याचा गुजराती भाऊ "बालू भाई". नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमधे आहे, त्यामुळे नंदुरबारकडच्या डिझाईनवाल्यांना ही जोडी रोजचीच आहे, बाकीच्यांना कधीतरी सुरतचं काम आलं की शोधाशोध सुरू होते. गुजरातीला शिरोरेघ नसल्यामुळे त्याच पॉईंट साईझला अक्षर डोळ्याला वेगळं वाटतं, लाईनस्पेसिंग मराठीसारखंच ठेवा पण साईझ डोळ्यानी बघून जुळवा.

चौकोन डोळ्यानी शोधत बसू नका. इनडिझाईनच्या प्रीफ्लाईटमधे, म्हणजे छपाईआधीच्या तपासणीत, स्वतःचं प्रोफाईल करून त्यात टेक्स्टखाली "ग्लिफ मिसिंग" आणि "फॉन्ट मिसिंग" दोन्हीला खूण करा, खाली हिरवा दिवा लागेपर्यंत एक्स्पोर्ट करायचं नाही. जुन्या फॉन्टात ₹ च्या जागी पण चौकोन येतो, ते चिन्हच २०१० मधे आलं, त्याआधीच्या फॉन्टात असणार कुठून.

तुम्ही विचारलं नाही पण तुमच्या पीडीएफमधे मला जे सगळ्यात जास्त खटकलं ते पहिल्याच पानावर आहे. "शेतकर्यांसाठी" छापलंय. हवं "शेतकऱ्यांसाठी". हा आडवा अर्धा र मराठीत दोन पद्धतीनी टाईप होतो, एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत, मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलंत आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य अक्षर. दुसऱ्या पद्धतीत ते अदृश्य अक्षर कुठंतरी गळलं, कन्व्हर्टरमधे किंवा कोणी मजकूर "क्लीन" केला तेव्हा, की र चा रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसतो आणि कोणताही फॉन्ट लावा, तो तसाच राहणार. म्हणून मी नेहमी पहिली पद्धतच ठेवतो, फाईंड-रिप्लेसनी एकदा सगळीकडे ऱ करून टाकायचं. पण आंधळेपणानी "र्या" सगळीकडे बदलू नका, नाहीतर "मर्यादा" चं वाटोळं होईल. शेतकऱ्यां, वाऱ्या, दुसऱ्या असे शब्द एकेक करून बघा. ज्यांना अहिराणी मजकूर लावायचा असतो त्यांनी तर हे पाठच करून ठेवावं, करी ऱ्हायनू, जाई ऱ्हायना, दर ओळीत ऱ्ह येतो.

त्याच जातीची दुसरी गोष्ट ल आणि श ची. मराठीचा ल वेगळा, हिंदीचा वेगळा, आणि २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी कोणता आकार ते ठरवून दिलंय. बऱ्याच चांगल्या फॉन्टात दोन्ही आकार असतात पण मजकुराची भाषा "मराठी" अशी लावली तरच मराठीवाला बाहेर येतो. इनडिझाईनच्या कॅरेक्टर पॅनलमधे लँग्वेज इंग्लिश यूएसए अशीच पडलेली असते, कोणी बघतच नाही. मराठी स्टाईलला मराठी लावा, हिंदीला हिंदी.

उर्दूच्या दोनच ओळी आहेत तर जास्त डोकं लावू नका. इंग्रजी इनडिझाईनमधे उजवीकडून डावीकडे परिच्छेद लावायची सोय सरळ हाताशी नसते, त्यापेक्षा इलस्ट्रेटरमधे वर सांगितलेला तोच कंपोझर लावून नोटो नस्तालीक उर्दू या फॉन्टमधे दोन ओळी लावा, आउटलाईन करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा, आणि इनडिझाईनमधे प्लेस करा. अक्षरं सुटी सुटी आणि उलट्या क्रमानी आली म्हणजे कंपोझर लागलेला नाही. नस्तालीक ही उर्दूची लिहायची शैली तिरकी उतरते, वरखाली जागा जास्त ठेवा नाहीतर बॉक्सच्या कडेला नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, कापले जातात. इनपेज या उर्दू टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनमधून आलेला मजकूर पेस्ट करू नका, त्याचं पण कृतिदेवसारखंच आहे. आणि उर्दू वाचणाऱ्या एका माणसाला दाखवल्याशिवाय छापू नका, भुसावळला काय जळगावला काय, असा माणूस शोधायला वेळ लागत नाही.

बोल्डचं एक राहिलं. तुम्ही गूगलवरून नोटोची फाईल उतरवली त्यात नावातच "व्हेरिएबल फॉन्ट" लिहिलेलं आहे. पीडीएफला व्हेरिएबल फॉन्ट म्हणून काही कळत नाही, सॉफ्टवेअरला त्या वजनाचा साधा फॉन्ट करून द्यावा लागतो आणि सगळ्यांना ते धड जमत नाही, म्हणून हेडिंग स्क्रीनवर जाड आणि पीडीएफमधे बारीक. त्याच झिपमधे "स्टॅटिक" नावाचं फोल्डर असतं, त्यातले इन्स्टॉल करा आणि व्हेरिएबलवाला काढून टाका. देवनागरीला इटॅलिकच्या बटनानी तिरकं करणं तर कृपया बंद करा.

आता प्रेस. तुमच्या प्रेसवाल्यानी पीडीएफ छापली नाही, त्यानी ती कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमधे उघडली, आपल्या भागात सगळे तेच करतात, इंपोझिशन, म्हणजे मोठ्या कागदावर पानं जुळवणं, कोरलमधेच करायची सवय आहे. कोरल पीडीएफ इम्पोर्ट करताना विचारतं, टेक्स्ट म्हणून घेऊ का कर्व्ह म्हणून, कर्व्ह म्हणजे वर सांगितलेलं आउटलाईनच. टेक्स्ट ठेवलं की चांगली मराठी पण मोडते, कारण पीडीएफमधे "क्षि" असं अक्षर नसतंच, कोणता आकार कुठे ठेवायचा एवढंच असतं, कोरल त्यावरून परत अक्षरं ओळखायला जातं, स्वतःच्या फॉन्टमधे लावतं आणि फॉन्ट मिसिंग म्हणून मोकळं होतं. त्यांना फोन करून फक्त एवढं सांगा की इम्पोर्ट करताना "कर्व्हज" निवडा. कॅन्व्हाच्या पीडीएफला पण हेच, किंवा कॅन्व्हातून काढतानाच "फ्लॅटन" ला खूण करा. इलस्ट्रेटरमधे पीडीएफ ओपन करणं हा त्याच रोगाचा दुसरा प्रकार, तिथं ओपन न करता प्लेस करायची, लिंक ठेवून.

प्रेसवाला ऐकतच नसेल तर तुम्हीच कर्व्ह करून द्या, पण मूळ इनडिझाईन फाईलमधे कंट्रोल शिफ्ट ओ मारत सुटू नका. जुन्या व्हर्जनमधे त्यानी बुलेट आणि अंडरलाईन उडून जातात आणि उद्या भाव बदलला तर मजकूर परत टाईप करायचा का? त्यापेक्षा चांगली पीडीएफ काढा आणि ॲक्रोबॅट प्रोच्या प्रीफ्लाईटमधे "कन्व्हर्ट फॉन्ट्स टू आउटलाईन्स" नावाचा फिक्सअप आहे तो चालवा, मूळ फाईलला हात लागत नाही. कोरलमधे काम करणाऱ्यांना पब्लिश टू पीडीएफच्या सेटिंगमधेच "एक्स्पोर्ट ऑल टेक्स्ट ॲज कर्व्हज" मिळतं. पण कर्व्ह करणं हा उपाय नाही हे लक्षात घ्या, तुटलेली वेलांटी कर्व्ह केली तर तुटलेलीच कर्व्ह होते. आणि कर्व्ह केल्यावर देवनागरीत शिरोरेघेचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, त्यावर कोणी कम्बाईन मारलं की जोडावर पांढरी भोकं पडतात, वेल्ड करायचं, कम्बाईन नाही. झूम करताना शिरोरेघेत केसाएवढी फट दिसते आणि झूम वाढवल्यावर जाते, ती स्क्रीनची आहे, छपाईत येत नाही.

वर्डमधून काढणाऱ्यांना दोन ओळीत, मराठीचा फॉन्ट आणि साईझ फॉन्टच्या डायलॉगमधे "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स" खाली वेगळे असतात, वरचा बदलून मराठी हलत नाही. सेव्ह ॲज पीडीएफच्या ऑप्शन्समधे पीडीएफ-ए ला खूण केली की फॉन्ट आत जातात. लिब्रेऑफिस ५.३ पासून मराठी सगळीकडे सारखी जुळवतं आणि फुकट आहे. स्क्रायबस वापरायचं तर जुनं १.४ नको, १.६ घ्या.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर मराठी आणि हिंदी मुक्ता, गुजराती मुक्ता वाणी, इंग्रजी मुक्तामधलीच, उर्दू नोटो नस्तालीक, सगळे फुकट आणि एम्बेड व्हायला परवानगी असलेले. एक्स्पोर्ट पीडीएफ-एक्स-४ या छपाईसाठीच्या पीडीएफ प्रकारात करा, त्यात फॉन्ट एम्बेड असावेच लागतात. तीच फाईल आउटलाईन करून दुसऱ्या नावानी ठेवा आणि सोबत प्रत्येक पानाची जेपीजी द्या, नुसती मिळवून बघायला. मग प्लेट काढायच्या आधी प्रेसवाल्याकडून त्याच्या स्क्रीनचा फोटो मागवा, सगळं वाचायची गरज नाही, पहिल्या पानावरचं "शेतकऱ्यांसाठी", तक्त्यातलं "क्विंटल" आणि १९:१९:१९, गुजरातीची पहिली ओळ आणि ₹ चं चिन्ह एवढं बघा, आणि त्यातलं एक जरी चुकलेलं दिसलं तर प्लेट थांबवायला सांगा.